नळीतलं कुसळ

गावात त्या कारखान्याला पाटीवरच्या नावाने कोणी ओळखत नसे. सगळे म्हणायचे ‘नळ्या’. सून कुठे असते, तर नळ्यांत. जावई कुठे लागला, तर नळ्यांतच, पण धुलाईला. इटलीतल्या पो नदीच्या अलीकडच्या त्या सपाट मुलखात पूर्वी लोक डुकरं पाळत, पेअरच्या बागा राखत, आणि बायका घरोघरी कार्पी शहरातल्या व्यापाऱ्यांसाठी स्वेटर विणत. आता तेच हात शेवईएवढ्या बारीक पोलादी नळ्या हाताळत होते. लेसरचा किरण नळीच्या अंगावर जाळी कापायचा. ती जाळी धुऊन, चमकवून कुठल्याशा मोठ्या कंपनीत जायची आणि शेवटी कोणाच्या तरी हृदयाच्या शिरेत स्टेंट म्हणून जन्मभरासाठी बसायची.

कापताना वितळलेल्या धातूचा एखादा कण नळीच्या आतल्या अंगाला चिकटून राहतो आणि गार झाला की टोकदार होतो. बायका त्याला कुसळ म्हणत. बहुतेक कुसळं धुण्यात जातात. एखादं राहतं. ते राहिलं, तर स्टेंट फुलवणारा इवलासा फुगा शिरेच्या आतच फाटू शकतो. मग ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाचं काय होतं, हे बायका एकमेकींना सांगत नसत. त्यासाठीच तर त्या दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायच्या.

आणि त्या सगळ्यांत पहिला नंबर देआन्नाचा. गावात दोन गोष्टींवर वाद घालायचा नाही असा संकेत होता: आपल्या आईच्या हातच्या तोर्तेल्लीनी आणि देआन्नाची नजर. नळी बोटांत धरून ती एकदा फिरवायची आणि "चल" किंवा "फेक" म्हणायची. त्यावर अपील नव्हतं. म्हातारे मालक होते तेव्हा गिऱ्हाइकाच्या माणसांना आधी कॉफी पाजत आणि मग देआन्नाच्या टेबलापाशी आणून उभे करत, जसं काही लग्नाच्या मुलीला दाखवतात.

अशा कौतुकाची माणसाला चटक लागते. देआन्नालाही लागली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात पोटाची काळजी जेवढी होती तेवढाच हा तोराही होता.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात एका सकाळी तिला जाळीच्या सरळ रेघा वाकड्या दिसल्या. तिला वाटलं, वाइनेरचा लेसर बिघडला. वाइनेर म्हणजे लेसरवरचा जुना माणूस. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. ती त्याच्यावर तिथूनच ओरडली, "अरे ए वाइनेर, काल किती ढोसलीस? सापासारखी कापतोयस!" वाइनेर हातातलं सँडविच तसंच घेऊन आला, मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, सुतळी लावून बघ. सरळ आहे." शेजारच्या मार्झियाने पाहिलं. तीही म्हणाली, सरळ आहे.

देआन्नाने हसून पुढची नळी उचलली. घरी गेल्यावर तिने एक डोळा झाकून स्वयंपाकघरातल्या फरशीकडे पाहिलं, मग दुसरा. डावा डोळा लहानपणापासूनच आळशी; त्याच्यावर तिची भिस्त कधीच नव्हती. पण ज्या उजव्या डोळ्याने तिने नाव कमावलं होतं, त्याच्यासमोर फरशीच्या रेघा मधोमध वितळल्या होत्या. मोदेनाच्या डॉक्टरने नाव सांगितलं, डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यभागाचा आजार. इंजेक्शनं घ्या, आहे तेवढं टिकेल. "कडेचं दिसत राहील," तो म्हणाला, "मधलं जाईल." जिचं सगळं आयुष्य मधलं बघण्यात गेलं तिला हे असं सांगायचं.

पेन्शन सरकारने दोनदा पुढे ढकललेली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जर्मनीत, त्याचं त्यालाच पुरेना. डोळा गेला हे कळलं तर कारखाना तिला एक दिवस टेबलावर ठेवणार नव्हता, आणि ठेवूही नये. हे तिलाही पटत होतं. पटत होतं, म्हणूनच तिने ते कोणाला सांगितलं नाही.

कारखान्याचा डॉक्टर दर हिवाळ्यात डोळे तपासायचा. भिंतीवर तोच तक्ता, तीच अक्षरं, कित्येक वर्षं. बाहेर रांगेत उभ्या बायकांना आतली बाई मोठ्याने वाचताना ऐकू यायची. त्यामुळे शेवटची ओळ नळ्यांतल्या प्रत्येक बाईला ‘आवे मारिया’च्या प्रार्थनेसारखी पाठ होती. त्यात लबाडी आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. लवकर आटपायची ती एक सोय होती. देआन्नाने ती ओळ त्या वर्षी घडाघडा म्हटली. "वा, गरुड!" डॉक्टर म्हणाला आणि शिक्का मारला.

मार्झियापासून मात्र लपलं नाही. दोघींची टेबलं अठरा वर्षं शेजारी होती, आणि शेजारच्या टेबलावरची बाई नवऱ्यापेक्षा जास्त ओळखते.

"मान अशी तिरकी का धरतेस गं?" एके दिवशी तिने विचारलं.

"मान अवघडलीय."

"महिनाभर? मला शिकवतेस होय?" मार्झियाने आवाज खाली आणला. "किती गेलाय?"

देआन्नाने सांगितलं. सांगताना रडली नाही. मार्झियाने देआन्नाचा अर्धा ट्रे आपल्याकडे ओढला. "बाहेरचं मी बघते. आतलं तू तुझ्या दोऱ्यानं बघ. सह्या आपल्या आपल्या."

हा दोरा म्हणजे देआन्नाच्या आईची देणगी. आई कार्पीसाठी विणायची तेव्हा विणकामाच्या यंत्राच्या सुया नायलॉनच्या मोज्यातून काढलेल्या एका तंतूने तपासायची. तंतू ओढायचा, अडकला की सुईचा आकडा खराब. देआन्ना पूर्वीपासून शंका आली की तोच तंतू नळीतून ओढत असे. केसाहून बारीक तंतू, पण कुसळ असलं की तो बोटाला सांगायचा. कारखान्याच्या नियमात हे बसत नव्हतं. नळीत परकी वस्तू घालायची नाही असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. पण पुढे पुन्हा धुलाई होतीच, आणि म्हातारे मालक असल्या गोष्टींकडे कानाडोळा करत. आता ती प्रत्येक नळीतून तंतू ओढू लागली. काम हळू व्हायचं. लोक म्हणाले, देआन्ना वयाबरोबर आणखीच चोखंदळ झाली. असं ते वर्षभर निभलं आणि एकही वाईट नळी तिच्या हातून पुढे गेली नाही. ही गोष्ट तिच्या बाजूने मांडायलाच हवी, कारण पुढे तिच्या बाजूने मांडण्यासारखं फारसं काही नाही.

मग म्हातारे मालक वारले आणि मुलगा एदोआर्दो खुर्चीत बसला. पोरगा वाईट नव्हता. देआन्नाने त्याला गोळ्या देऊन लहानाचा मोठा होताना पाहिला होता आणि अजून ती त्याला एदोच म्हणायची. त्याने तुरिनहून एक इंजिनिअर आणला आणि त्या इंजिनिअरने एक कॅमेरा आणला. कॅमेरा नळीचे आतून-बाहेरून फोटो काढणार आणि चांगली की वाईट ते स्वतः ठरवणार.

"कोणाचीही नोकरी जाणार नाही," एदोआर्दोने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगितलं. "कॅमेरा तुमच्या मदतीला आहे."

"माझ्या सासूबाई पण मदतीलाच आल्या होत्या," मार्झिया म्हणाली. बायका हसल्या. एदोआर्दोही हसला.

"पण आधी त्याला शिकवावं लागेल," तो पुढे म्हणाला. "हजारो फोटो दाखवायचे आणि कोणीतरी सांगायचं, ही चांगली, ही वाईट. मग तो त्या माणसासारखा बघायला लागतो. आता ते कोणी शिकवायचं, हे मी सांगायला हवं का?"

सगळ्यांनी वळून देआन्नाकडे पाहिलं. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. देआन्ना उठून उभी राहिली. तिचे गाल लाल झाले होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आनंदच झाला होता. फक्त मार्झियाने टाळी वाजवली नाही.

संध्याकाळी सायकलींच्या शेडमध्ये मार्झियाने तिला गाठलं.

"नाही म्हण."

"काय सांगून?"

"पाठ दुखते म्हण. स्क्रीनसमोर बसवत नाही म्हण. काहीही म्हण."

"आणि मग एदो विचारेल, बघू डॉक्टरचा कागद. मग, गं?"

"देआन्ना, तिथे तुला दोरा मिळणार नाही. नळीसुद्धा मिळणार नाही. नुसता फोटो! तुझी बोटं काय फोटो चाचपणार?"

"मोठा असतो फोटो, भिंतीएवढा. तेवढं दिसेल मला."

"मला सांगतेस ते ठीक आहे. स्वतःला नको सांगूस."

"तू माझ्या शेजारी बस ना," देआन्ना म्हणाली. "पूर्वीसारखं."

मार्झियाने दुसऱ्या दिवशी विचारूनही पाहिलं. तुरिनच्या इंजिनिअरने मान हलवली. दोन माणसांची मतं मिसळली तर यंत्र गोंधळतं, त्याला एकच गुरू हवा. तेव्हापासून मार्झियाने त्याचं नाव हिरवा-लाल ठेवलं. कारण वरच्या मजल्यावरच्या खोलीत देआन्नासमोर दोन बटणं ठेवली होती, हिरवं म्हणजे चांगली, लाल म्हणजे वाईट.

हिवाळाभर देआन्ना त्या खोलीत बसली. खिडकीबाहेर धुकं असायचं आणि समोर पडद्यावर नळीची पोटं, एकामागून एक. पहिले काही दिवस तिने जीव ओतून प्रयत्न केला. मान वळवून कडेने बघायची, खुर्ची मागे घ्यायची, पुढे घ्यायची. ठसठशीत कुसळ दिसायचं. पण केसासारखं बारीक कुसळ ती जिथे बघेल तिथून नाहीसं व्हायचं. नजर बाजूला नेली की तिथे काहीतरी होतं असं वाटायचं. परत आणली की राखाडी डाग.

शंकेला लाल दाबता आलं असतं. पण लाल दाबलं की यंत्र विचारायचं, कुठे? आणि पडद्यावर कुसळाभोवती गोल काढावा लागायचा. जे दिसत नाही त्याच्याभोवती गोल कसा काढणार? दोनतीनदा तिने अंदाजाने काढला. इंजिनिअर प्रेमाने म्हणाला, "सिन्योरा देआन्ना, इथे तर काहीच नाहीये. दमलात का?" त्यानंतर तिने शंकेला हिरवं दाबायला सुरुवात केली. हिरव्याला यंत्र काही विचारत नसे.

रोज संध्याकाळी ती ठरवायची की उद्या एदोला सांगायचं. सकाळी कॅन्टीनमधली पोरगी म्हणायची, "काय मास्तरीणबाई, कसा आहे विद्यार्थी?" आणि देआन्ना म्हणायची, "हुशार आहे."

वसंतात कॅमेरा खाली बसवला आणि चमत्कार झाला. फेकायच्या नळ्या एकदम निम्म्याहून कमी झाल्या. एदोआर्दोने सगळ्यांना केक आणला. वाइनेर छाती फुगवून फिरू लागला. "मी म्हणत नव्हतो? लेसर पहिल्यापासून स्वच्छच कापत होता! या बायाच उगीच खोट काढत बसायच्या." आणि आपला लेसर इतका स्वच्छ कापतो म्हटल्यावर तो त्याची काच पूर्वीसारखी वेळच्या वेळी पुसेनासाही झाला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे तर आंधळ्याने कुत्र्याला जातं चालवायला शिकवलं होतं.

उन्हाळा लागायच्या आत तपासणीतल्या सहा बायकांना घरी पाठवलं. कोणाचीही नोकरी जाणार नाही असं म्हणणारा एदोआर्दो त्या दिवशी खरोखर रडवेला झाला होता. पण रडवेल्या माणसाची सहीसुद्धा सहीच असते. मार्झिया त्या सहांत होती. पेन्शनला लहान, नव्या नोकरीला मोठी. देआन्नाला ठेवलं. कॅमेरा चुकलाच तर विचारायला कोणीतरी हवं ना.

मार्झियाने आपली उशी, चष्म्याची डबी आणि टेबलावरचा बाळ येशू पिशवीत भरला. देआन्ना शेजारी उभी होती.

"मार्झिया, मी एदोशी बोलते."

"काय बोलणार? अठरा वर्षं शेजारी बसले. वर्षभर तुझे डोळे झाले. तू वर गेलीस आणि तुझा आंधळेपणा यंत्राला दिलास, आणि यंत्राने माझी खुर्ची घेतली." तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "दुसऱ्याच्या नळीतली कुसळं काढत आलीस ना जन्मभर? आता स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ सांभाळ."

ती गेली. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाल्यावर देआन्नाने पेपरमिंटच्या जुन्या डबीतून तंतू काढला आणि कॅमेऱ्याने हिरव्या केलेल्या ट्रेमधली एक नळी उचलली. तंतू आत घातला, ओढला. सरळ आला. दुसरी नळी, सरळ. तिसरीत अडकला. तिला वाटलं आपलाच हात थरथरला. पुन्हा ओढला, पुन्हा तिथेच अडकला. ट्रे संपेपर्यंत तिने बाजूला काढलेल्या नळ्यांची ओंजळ झाली होती. ती तशीच हातमोजे न काढता एदोआर्दोच्या खोलीत गेली.

तिने सगळं सांगितलं. डोळा, तक्ता, मार्झियाने आपल्याकडे ओढलेला ट्रे, दोरा, हिरवं बटण. एदोआर्दो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. त्याने दार लावून घेतलं आणि तुरिनला फोन लावला.

फोनवरचा हिरवा-लाल शांत होता. "यंत्राचा आणि सिन्योरांचा निर्णय जवळजवळ शंभर टक्के जुळतो. हातच्या काकणाला आरसा कशाला? आत्ता घ्या परीक्षा." त्याने नवीन फोटो पाठवले. देआन्ना बघून सांगत गेली, यंत्र आपलं सांगत गेलं. एकाही ठिकाणी फरक पडला नाही.

"बघितलंत?" फोन म्हणाला. "अगदी तुमचीच नजर आहे."

"अहो, तेच तर सांगतेय मी!" देआन्ना ओरडली. "माझीच आहे! मी आंधळी आहे, तोही आंधळा आहे. दोन आंधळ्यांचं एकमत झालं म्हणून भिंत दार होते का?"

एदोआर्दोने फोन ठेवला. देआन्नाने त्याच्यासमोर नळी धरून तंतू ओढून दाखवला. त्याने ती मायक्रोस्कोपखाली धरली, बराच वेळ पाहिलं.

"मला सावली दिसते," तो म्हणाला. "सावली म्हणजे कुसळ नव्हे. मी काही तपासनीस नाही. आणि दोरा... देआन्ना, नळीत दोरा घालायलाच बंदी आहे. तुमच्या दोऱ्यानंच ओरखडा पडला नसेल कशावरून?"

"एदो, ही जाळी माणसाच्या काळजात बसते रे."

"मला माहीत नाही का ते?" आता तो खरंच चिडला होता, घाबरलेली माणसं चिडतात तसा. "दोन महिन्यांचा माल गेलाय बाहेर. तो परत बोलवायचा म्हणजे या दाराला कुलूप. गावातली निम्मी घरं या दारातून जेवतात. एका दोऱ्यावर मी ते करू? चांगल्या डोळ्यांचा एक माणूस आणा, मायक्रोस्कोपमधून बघून कुसळ आहे म्हणणारा. त्याच दिवशी लाइन बंद करतो. शब्द देतो."

"मार्झियाला बोलवते."

"बोलवा. तिनं वर्षभर तुमच्या ट्रेमधलं काम केलं आणि सह्या तुमच्या होऊ दिल्या, हेही मग लिहावं लागेल." त्याने मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. "मला ते लिहायचं नाही. तुम्ही डोळ्यांकडे बघा. मी तुम्हाला द्राक्षांच्या तोडणीआधीच मोकळं करतो, पेन्शनपर्यंतचं सगळं सांभाळून. बाबांनीही हेच केलं असतं."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं; बाबांनी तिच्या ‘फेक’वर कधी अपील चालू दिलं नव्हतं.

तरीही ती मार्झियाकडे गेली. मार्झियाने दारातच उभं ठेवलं, आत ये म्हणाली नाही. पलीकडच्या गावात दुसऱ्या एका कारखान्यात तिचं बोलणं चाललं होतं, मायक्रोस्कोपवरच. "माझं नाव यात आलं तर या अख्ख्या मुलखात मला कोणी साधं भिंगसुद्धा हातात देणार नाही," ती म्हणाली. "तू सुटशील. रडशील, लोक तुला माफ करतील. माझं काय?" घरी पाठवलेल्या बाकीच्या पाच जणींनी तर देआन्नाला दारातही उभं केलं नाही. म्हणजे चांगल्या डोळ्यांचा आणि नळ्या ओळखणारा एकच माणूस उरला, वाइनेर. त्याला तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी कापतो, बाई. बघायला कॅमेरा आहे." आणि तो घाईघाईने लेसरकडे वळला.

नळ्यांत निवृत्तीची एक रीत होती. वाइनेर एका बाद नळीवर लेसरने त्या माणसाचं नाव कापायचा, तांदळाच्या दाण्याहून बारीक. ती नळी कॅन्टीनमध्ये मायक्रोस्कोपखाली ठेवायची, निवृत्त होणाऱ्याने वाकून आपलं नाव मोठ्याने वाचायचं, आणि ते वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही. काय लिहिलंय ते सगळ्यांना माहीत असायचं, तरी सगळे श्वास रोखून उभे राहायचे.

देआन्नाच्या दिवशी कॅन्टीन भरलं होतं. तळलेल्या न्योक्कोच्या पुऱ्यांची परात, मोर्तादेल्ला सॉसेजचे काप, थंडगार लांब्रुस्को वाइन. एदोआर्दोने भाषण केलं. शेवटी तो म्हणाला, "आणि गंमत सांगतो. आमच्या देआन्नासाठी बाद नळी कशाला? वाइनेरनं नवीकोरी चांगली नळी घेतली, आणि नाव कापल्यावर ती रीतसर कॅमेऱ्याखालून काढली. हिरवा! शिष्याने गुरूची भेट पास केली!"

लोक खूप हसले. देआन्ना मायक्रोस्कोपपाशी आली आणि वाकली. राखाडी डाग. तिने ‘देआन्ना’ एवढं म्हणायचं होतं. तक्त्याच्या ओळीसारखं तेही पाठ होतं. म्हटलं असतं तर बूच उडालं असतं आणि ती घरी गेली असती.

तिने नळी उचलली. हातमोजे नव्हते. एप्रनच्या खिशातून पेपरमिंटची डबी काढली, तंतू काढला, नळीत घातला आणि ओढला. तंतू अडकला. तिने जरा जोर दिला. तंतू तुटला, आणि त्याचं टोक नळीतून हवेत लोंबत राहिलं.

"कुसळ आहे," ती म्हणाली.

कोणीतरी फिस्सकन हसलं. एदोआर्दोच्या हातात बाटली तशीच होती.

"एदो, तू शब्द दिला होतास. चांगल्या डोळ्यांचा माणूस." तिने नळी पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवली. "वाइनेर, ये इकडे. तूच कापलीस. तूच बघ आणि सांग सगळ्यांना."

वाइनेरने हातातली प्लेट ठेवली. पॅन्टला हात पुसले. पोट सांभाळत वाकला, चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. तो फार वेळ बघत होता. ज्याला काही दिसत नाही तो इतका वेळ बघत नाही. देआन्नाला त्याचा चेहरा दिसत नव्हता, मधलं सगळं पुसलेलं होतं. पण कडेने त्याचे कान दिसत होते. ते लाल होत चालले होते.

वाइनेर सरळ उभा राहिला. त्याने एदोआर्दोकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या आपल्या सुनेकडे, जी धुलाईत कामाला होती.

"साफ आहे," तो म्हणाला. "दोरा जुना होता."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "बघा, स्वतःच्या भेटीतसुद्धा खोट काढते! अशी बाई पुन्हा होणे नाही!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बूच उडालं. बायका येऊन तिचे गाल चुंबू लागल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं.

गर्दी पांगल्यावर वाइनेर पेला घेऊन तिच्यापाशी आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"काही दिसलं नाही ना रे?" तिने विचारलं.

"नाही."

"मलाही दिसत नव्हतं," देआन्ना म्हणाली. "सुरुवात अशीच होते."

वाइनेरने तिचा पेला भरला. वाइन काठावरून टेबलावर सांडली तरी तो ओततच राहिला. मग भिंतीपलीकडून कोणीतरी त्याला हाक मारली. संध्याकाळच्या गाडीत माल चढवायचा होता.